आटण्याचा रकाना

बेडूकमामांना कोणी भरलेले डबके कौतुकाने दाखवले, की ते एकच प्रश्न विचारत, "आटते कवा?" दाखवणाऱ्याला तो अपशकुन वाटे. मालेगाव तालुक्यात पाणी येते कधी, याची चौकशी सगळेच करतात. जाते कधी, हे विचारणारा माणूस एकच होता. मेडशीच्या एसटी थांब्यावर एकदा एका शेतकऱ्याने आपल्या नव्या शेततळ्याचा फोटो त्यांच्यापुढे धरला. मामांनी सवयीने विचारले. तो बिचारा चपापला. "मामा, चार चांगले शब्द बोला ना. कायले अभद्र बोलता?"

"तुयं नोको आटो, बावा," मामा म्हणाले. "तुयं शेततळं हाय. त्याचं काम येगळं. मले डबक्याची सवय हाय म्हनून तोंडातून निंगालं."

तळे वेगळे आणि डबके वेगळे, हे त्यांच्या मनात पक्के होते. इतरांच्या मनात तो फरक नव्हता. पुढे जे झाले ते एवढ्यावरूनच झाले.

मामा एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. वर्गात बेडूक फाडून शिकवत, त्या काळात बेडूक आणण्याचे काम त्यांच्याकडे असे. पावसाळ्यात ते ओले पोते घेऊन मेडशीच्या जंगलात जात आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रात्यक्षिकाला पुरतील एवढे मोठे बेडूक घेऊन येत. मुलांनी तेव्हाच त्यांना बेडूकमामा केले. नंतर विच्छेदन बंद झाले. कपाटातली हत्यारे गंजली, मेणाचे ट्रे भंगारात गेले आणि मामांची जंगलातली फेरी कागदोपत्री संपली. मामा मात्र त्या पावसाळ्यातही गेले. पोते नेले नाही.

कशाला गेलात, असे मी पहिल्या भेटीत विचारले होते. मी तेव्हा एका पेपरच्या जिल्हा पानासाठी बातम्या देत असे. ते म्हणाले, "इतके वर्स उचलून आनले. आता हजेरी घ्याले नको का? कोन कोन उरलं थे पाहाले पाह्यजे."

हजेरीचे रजिस्टर त्यांना आयते मिळाले होते. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी जंगलातल्या हंगामी डबक्यांची पाहणी सुरू केली होती. सागाच्या आणि धावड्याच्या सावलीत, खडकाच्या खोलगटात पावसाळ्यात भरणारी आणि पुढे आटून जाणारी चौदा डबकी त्यांनी नोंदवली. मग ते दुसऱ्या कॉलेजात गेले. रजिस्टर मागे राहिले, ते मामांनी घरी नेले. त्यात रकाने होते: पाणी साचल्याची तारीख, खोली, झाडांची सावली, तळाचा पालापाचोळा, पाण्यातले जीव आणि शेवटी 'आटले का'. मामांनी त्यापुढे पट्टीने रेघ मारून आणखी एक रकाना पाडला आणि वर लिहिले, 'तब्येत'. तिथे चारच शेरे पडत: ठणठणीत, बरे, दवाखान्यात, गेले.

ठणठणीत हा शेरा मिळवणे सोपे नव्हते. मामांचा नियम होता, "चाळीस दिवस जगलं पाह्यजे अन् होळीच्या आत मेलं पाह्यजे." चाळीस दिवसांत बेडकाच्या पिल्लांना पाय फुटून ती पाण्याबाहेर पडतात. त्याआधी पाणी गेले तर पिल्ले मरतात. आणि पाणी कधीच गेले नाही तर त्यात मासे राहतात, मग पिल्ले तशीही वाचत नाहीत. चांगल्या डबक्याच्या नावापुढे म्हणूनच 'आटले का' या रकान्यात 'हो' असायचे. मामा तो 'हो' जरा ठळक काढत.

त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा गेलो ते ऑगस्टात, तीन नंबरच्या डबक्यावर. मेडशीहून निघून पाऊण तास चालल्यावर मामा एका मोहाच्या झाडाखाली थांबले आणि मलाही थांबवले. "उभे राहा. त्याईचं घर हाय. अगुदर आपली सवय होऊ द्या त्याईले." आम्ही बराच वेळ उभे राहिलो. मग त्यांनी पिशवीतून सामान काढले. नातीच्या नखपॉलिशने खुणा केलेली काठी, दुसऱ्या काठीला तारेने बांधलेली चहाची गाळणी आणि कॉलेजच्या भंगारातून वाचवलेला, कडेला टवका गेलेला पांढरा इनॅमलचा ट्रे. डबके दोन बैलगाड्या मावतील एवढे. पाणी कोऱ्या चहासारखे, कुजलेल्या पानांनी तांबूस झालेले. मामांनी गाळणी एकदाच फिरवली, ट्रेमध्ये उलटी केली आणि वर थोडे पाणी घातले.

"काय दिसून राह्यलं?"

"पाणी."

"डोये हायेत का बटनं लावली?"

पुन्हा पाहिले. पांढऱ्या ट्रेवर काचेच्या तुकड्यांसारखे काही हलत होते. नखाएवढे झिंगे, आरपार दिसणारे, पाठ खाली आणि पाय वर करून पोहणारे. मामा त्यांना 'उताणे' म्हणत. त्यांचे शास्त्रीय नाव रजिस्टरात प्राध्यापकांच्या अक्षरात होते. मामांनी ते कधी उच्चारलेले मी ऐकले नाही.

"याईचे अंडे मातीत पडून राह्यतात," ते म्हणाले. "कोल्ड्या, वायलेल्या मातीत. दोन साल, चार साल, कितीबी. माती वायल्याशिवाय थे उगवतच नाई. अन् डबकं आटते म्हनून मासोई नाई, मासोई नाई म्हनून हे हायेत. समजलं का, पत्रकार? हे मरते म्हनून हे जगतात." पहिला 'हे' म्हणताना त्यांचे बोट डबक्याकडे होते, दुसरा म्हणताना ट्रेकडे. मग त्यांनी ट्रे पाण्याला टेकवून हळूच तिरपा केला आणि उताण्यांना परत सोडले. ट्रेमध्ये एक राहिला होता. त्यालाही बोटाने पाणी लावून सोडले.

घरी या छंदाची थट्टा चाले. मामी चहा ठेवता ठेवता म्हणत, "याईले पाहुन्याच्या घरी नेलं तं रांजनात वाकून पाहातात. पाहुने म्हनतात, जावाई काय शोधून राह्यले?" मामा हसत नसत. ते म्हणत, "दोन साल धुतला नव्हता थो रांजन. पाहाले पाह्यजे होतं." मामी माझ्याकडे वळून म्हणत, "आयका, भाऊ. लग्नात मले कोनी इचारलं नाई तुयी तब्येत कशी हाय. डबक्याची रोज इचारतात."

त्या वर्षी चौदापैकी नऊ डबक्यांना ठणठणीत शेरा मिळाला. मार्चमध्ये सगळी आटली. मामा समाधानात होते. मी बातमी करायचे ठरवले. यात कुणाचा दोष असेल तर तो इथे आहे, म्हणून क्रमाने सांगतो.

बातमी लिहिण्याची एक रीत असते. घडले ते वर, का घडले ते खाली. जागा कमी पडली तर पान लावणारा खालून कापतो, म्हणून कापले तरी चालेल ते शेवटी ठेवायचे. मी वर लिहिले की मेडशीच्या जंगलातली चौदा नैसर्गिक डबकी मार्चमध्येच कोरडी पडली आहेत आणि एक निवृत्त कर्मचारी त्यांची नोंद ठेवतो. त्याखाली डबक्यांचे क्रमांक आणि ठिकाणे दिली. आटणे हीच या डबक्यांची प्रकृती आहे, ती आटलीच पाहिजेत, हे मामांचे म्हणणे शेवटच्या चार परिच्छेदांत होते. त्या दिवशी खाली एक जाहिरात आली. चार परिच्छेद गेले. मथळा डेस्कवर झाला: 'जंगलातील चौदा पाणवठे कोरडे, वन्यजीवांचे हाल'.

मामा पेपरची घडी घेऊन आले. त्यांनी तो पूर्ण वाचला होता, दोनदा. "चांगलं आलं," ते म्हणाले. "पन माह्यं बोलनं कोठी गेलं?"

"जागा नव्हती, मामा."

"म्हंजे अर्धंच डबकं छापलं."

मी खुलासा पाठवला. तो आठवड्याने आतल्या पानावर पाच ओळींत आला. तोपर्यंत फोन सुरू झाले होते. लोकांना खरोखर वाईट वाटले होते, हे नोंदवायला हवे. तालुक्यातल्या एका मंडळाने पुढाकार घेतला, परवानगी मिळाली, कोणी डिझेल दिले, कोणी यंत्र दिले. यादी पेपरमध्ये होतीच, ठिकाणांसकट. ती मामांनी एकेका पावसाळ्यात पायी फिरून पक्की केली होती, त्यामुळे कोणालाही शोधावे लागले नाही.

एप्रिलमध्ये जेसीबी आला. मामा एक नंबरच्या डबक्यात जाऊन उभे राहिले, कोरड्या पानांत. चालक मेडशीचाच, त्यांना ओळखणारा. त्याने यंत्र बंद केले आणि खाली उतरला. "जयभीम, मामा. बाजूले व्हा ना. तुमच्यासाठीच तं करून राह्यलो."

"माह्यासाठी बंद कर मंग."

"असं कसं म्हनता? पेपरात तुमचंच नाव हाय ना."

मामांनी त्याला माती दाखवली. मूठभर उचलून त्याच्या तळहातावर ठेवली आणि यात जीव आहेत म्हणून सांगितले. चालकाने आदराने पाहिले. त्याला माती दिसली. त्याने ती पँटला पुसली आणि मामांना हाताला धरून सावलीत बसवले, प्यायला पाणी दिले. पंधरा दिवसांत तेरा डबकी खोल झाली. खालच्या बाजूला बांध पडले, तळाला जाड प्लास्टिक अंथरले. निघालेला गाळ काळाभोर होता. तो ट्रॅक्टरने सोयाबीनच्या शेतांत गेला. नऊ नंबरचे डबके तेवढे राहिले, कारण मध्ये खडकाचा उभा उतार होता आणि यंत्र खाली जात नव्हते.

ऑगस्टमध्ये तीन नंबरवर जलपूजन झाले. मंडप, खुर्च्या, माईक. प्रमुख पाहुण्यांनी पाण्यात नारळ सोडला, मग प्लास्टिकच्या पिशवीतून मत्स्यबीज सोडले. टाळ्या झाल्या. नंतर मामांचा सत्कार होता. शाल त्यांच्या खांद्यावर मोठी झाली आणि एका बाजूने घसरत राहिली. ज्यांच्या तळमळीमुळे हे पाणी दिसते आहे, असे निवेदक म्हणाला आणि दोन शब्द बोलण्याचा आग्रह झाला. मामांनी माईक हातात घेतला. मग पाण्याकडे पाहून त्यांनी विचारले, "आटते कवा?"

मंडळाचे अध्यक्ष उत्साही गृहस्थ होते. ते बसल्या जागेवरून ओरडले, "आता कधीच नाही, मामा!"

त्या दिवसातल्या सर्वांत मोठ्या टाळ्या त्या वाक्याला पडल्या. मामांनी माईक खाली ठेवला. परतताना ते माझ्या पुढे चालत होते. मेडशीत एसटी दिसली तेव्हा शाल घडी करून माझ्याकडे दिली. "हे तुमी ठेवा. बातमी तुमची व्हती."

ती शाल माझ्याकडे आहे.

पाहणी त्यांनी थांबवली नाही. त्या पावसाळ्यात ते खोदलेल्या तेराही डबक्यांवर गेले, काठी बुडवली, गाळणी फिरवली. नऊ नंबर शाबूत आहे म्हणून त्या वर्षी तिकडची फेरी राहिली. काठी कमी पडली, तेव्हा खोलीच्या रकान्यात 'काठीच्या वर' असे लिहिले. जीव या रकान्यात मासे. 'आटले का' या रकान्यात तेरा वेळा 'नाही'. तब्येतीच्या रकान्यात तेरा वेळा 'गेले'. संबंधितांना त्यांनी अर्ज केले. माझ्याकडून टंकलिखित करून घेतले, पण मजकूर स्वतः सांगितला. एका कार्यालयातून एकदा फोन आला. साहेब सभ्य होते. पाणी आहे, मासे आहेत, संध्याकाळी हरणे येतात, तुमची तक्रार नेमकी काय, असे त्यांनी विचारले. मामा फोन कानाला लावून उभे होते. शेवटी म्हणाले, "साहेब, थे उताणे..." आणि थांबले. पलीकडून काही प्रश्न आला असावा. मामांनी "काई नाई" म्हणून फोन ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात ते पोते घेऊन निघाले. बेडूक आणायचे तसलेच पोते. ज्या शेतांत गाळ पडला होता तिथे ते कडेच्या धुऱ्यांवरून फिरले. शेतमालकांनी विचारले, मामा, माती कायले? ते म्हणत, "वानोळा म्हनून द्या थोडी." नांगराखाली न गेलेली, धुऱ्यावर सांडलेली माती त्यांनी वेचली. घरी आणून तिच्यातली थोडी पांढऱ्या ट्रेमध्ये पसरली आणि पाऊस आल्यावर टिनाच्या पन्हाळीखाली ट्रे ठेवला. चौथ्या दिवशी सकाळी मला फोन आला. आवाज चढलेला. "हजर हायेत!"

मी गेलो. ट्रेमध्ये सहा होते. मामी पदर खोचून वाकून पाहत होत्या आणि त्यांना एकही दिसत नव्हता. "हे म्हनतात हायेत, तं असतीन," त्या म्हणाल्या.

आता सगळी भिस्त नऊ नंबरवर होती. चौदापैकी तेवढेच खोदले गेले नव्हते. पोत्यातली बरीचशी माती मामांनी तिथे नेऊन पसरली, ट्रेमधले सहाही नेऊन सोडले. पंधरा दिवस पाणी टिकले तर उताणे अंडी घालतात, चाळीस दिवस टिकले तर बेडूक निघतात. मामा एक दिवसाआड सकाळच्या गाडीने जात. काठी बुडवून आल्यावर मला खुणेचा आकडा कळवत. आकडा उतरत होता. पाऊस बरा होता, तरी उतरत होता. कारण शोधायला त्यांना तीन फेऱ्या लागल्या. नऊ नंबरचे डबके स्वतःच्या पावसावर कधीच भरत नसे. वरच्या अंगाला आठ नंबर होते, ते भरून वाहिले की पाणी नऊमध्ये येई. आठला आता बांध होता. ते वाहत नव्हते.

अकराव्या दिवशी नऊ नंबर आटले. मी त्यांच्याबरोबर होतो. चिखलावर बेडूकमासे एकाला एक चिकटून पडले होते, पाय न फुटलेले. दोन बगळे होते, ते आम्हाला पाहून उडाले नाहीत. मामांनी सवयीने आधी उभे राहून वाट पाहिली, कडेला, हात मागे बांधून. मग रजिस्टर काढले. त्या पावसाळ्यात ते डबके आणखी दोनदा भरले आणि दोनदा तसेच लवकर गेले. दर वेळी मातीतली थोडी अंडी उगवली आणि पुढची अंडी पडण्याआधी वाळली. "सारे एका पान्याले उठत नाई," मामा पहिल्या वेळी म्हणाले होते. "थोडे मांगं राह्यतात, पुढच्या सालासाठी." तिसऱ्या वेळी त्यांनी गाळणी फिरवली, ट्रे पाहिला आणि धुऊन पिशवीत ठेवला.

रजिस्टर त्यांनी मला दाखवले. नऊ नंबर, 'आटले का': हो. अक्षर तसेच ठळक. इतकी वर्षे ज्या शब्दाची ते वाट पाहत, तोच शब्द. तब्येतीचा रकाना कोरा होता.

मी म्हणालो, "मामा, नुसते हे वाचले तर डबके ठणठणीत वाटेल."

"लिवाचं थे लिवलं," ते म्हणाले. "वाचनारा काय वाचते, थे तुमाले ठाऊकच हाय."

हे त्यांनी रागाने म्हटले नाही.

मामा गेल्या हिवाळ्यात वारले. आजार थोड्या दिवसांचा होता. दवाखान्यात त्यांनी डबक्यांविषयी काही सांगितले का, असे मी मामींना विचारले, कारण अशा वेळी माणसे काही सांगतात अशी आमची समजूत असते. मामी म्हणाल्या, "नाई. मेडशीची बस लागली का, थे इचारत व्हते."

यंदा पावसाळा लागल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी मामांचा फोटो लागला होता, कॉलेजच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. ओट्यावर पांढरा ट्रे होता. पोत्यातली उरलेली शेवटची माती मामांनी जाण्याआधी त्यात पसरून ठेवली होती, तशीच होती, भेगा पडलेली. तेराही डबक्यांत त्या वेळी पाणी होते. येताना मी नऊ नंबरवरून आलो होतो. तिथे तीन दिवसांच्या पावसानंतर चिखल होता.

मामींनी पन्हाळीखालून तांब्या भरून आणला. "भाऊ, टाकू का पानी? हे असते तं आतापावेतो टाकलं असतं. मले कवा दिसले नाई, पन यावक्ती नीट पाहीन."

पाणी घातले असते तर चौथ्या दिवशी उताणे आले असते. त्यांना नेऊन सोडायला जागा नव्हती.

"नको, मामी," मी म्हणालो. "राहू द्या कोरडेच."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "कवापर्यंत?"

मी रजिस्टर चाळत राहिलो. मामींनी ट्रे उचलला, पावसाचे शिंतोडे येणार नाहीत अशा बेताने आतल्या फळीवर ठेवला आणि वर ताट झाकले.